मांडवीची जुनी मशीद

'जुनी मशीद' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मिनार, मेहराब आणि वजूचा हौद उभा राहतो. मुंबईच्या मांडवीतली 'जुनी मशीद' मात्र बेने इस्राईल यहुद्यांचे प्रार्थनास्थळ आहे. तिचे हिब्रू नाव 'शाआर हारहमीम', म्हणजे दयेचे द्वार. त्यातला 'रहमीम' आणि आपली 'रहमत' एकाच मुळाचे शब्द आहेत.

अठराव्या शतकात मुंबई वाढू लागली. गोदीला, बांधकामांना, कंपनीच्या पलटणींना माणसे हवी होती. आपले कोकणी मुसलमान जसे गलबतांतून आले, तसेच अलिबाग-पेणकडचे हे लोकही आले. गावाकडे ते तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. मुंबईत ते सुतार, गवंडी, शिपाई झाले. आडनावे आपल्यासारखीच गावांवरून पडलेली : दिवेकर, पेणकर, रोहेकर.

त्यांच्यातलेच कंपनीच्या फौजेतील अंमलदार सामाजी हसाजी ऊर्फ सॅम्युअल इझिकेल दिवेकर. म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानाचे कैदी झाले. त्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते की, कैदी 'बेने इस्राईल' आहेत हे ऐकताच टिपूच्या आईने कुराणातील बनी इस्राईलची आठवण देऊन त्यांचे प्राण वाचवले. कथेची कागदोपत्री शहानिशा इतिहासकारांनी करावी. पण एक यहुदी समाज आपल्या पहिल्या प्रार्थनास्थळाच्या जन्मकथेत एका मुसलमान आईला मानाचे स्थान देतो, याचे मोल आपण ओळखले पाहिजे.

सुटका झाल्यावर, १७९६ साली, दिवेकरांनी ही मशीद बांधली. धर्मग्रंथाच्या पोथ्यांसाठी ते कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले. पुढे कोचीनच्या यहुद्यांनी इथल्या जमातीला हिब्रू प्रार्थना आणि विधी शिकवले. जमातीचा कारभार पाहणारा मुकादम, धार्मिक कामे पाहणारा काजी, वस्ती म्हणजे इस्राईल मोहल्ला. हे सारे शब्द आपल्याही घरातले. १८६० साली मशीद जवळच नव्या जागी उभी राहिली. मस्जिद स्थानकाच्या नावाचे मूळही अनेकजण तिच्यातच शोधतात.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्राईल इस्राएलला गेले. त्या देशाच्या राजकारणावरून आपल्या मनात राग असेल, आणि त्याला कारणेही असतील. पण तो राग मांडवीच्या शेजाऱ्यावर काढण्याचे कारण नाही. १८७५ साली याच समाजाने मुलांसाठी शाळा काढली. माझगावची सर एली कदुरी शाळा ती हीच. आज तिथे शिकणारी बहुसंख्य मुले मुसलमानांची आहेत.