शिक्षक विद्यार्थ्याच्या घरी शिकायला गेला तेव्हा

अमेरिकेतल्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत आज एक कल्पना हमखास भेटते: मुलांच्या संस्कृतीची दखल घेऊन शिकवणं. वाचताना वाटतं, विद्यापीठातल्या कुणा विद्वानाने ती मांडली असेल आणि मग ती शाळांपर्यंत पोहोचली असेल. लॅटिनो मुलांच्या बाबतीत क्रम उलटा आहे. मागणी आधी मुलांनी केली, तीही रस्त्यावर उतरून.

मार्च 1968. पूर्व लॉस एंजेलिस. लिंकन, रूझवेल्ट, गारफिल्ड अशा शाळांतून मेक्सिकन वंशाची हजारो मुलं वर्ग सोडून बाहेर पडली. स्पॅनिश बोललं की शिक्षा व्हायची. चांगल्या मुलांनाही कॉलेजऐवजी हातकामाच्या अभ्यासक्रमाकडे वळवलं जायचं. इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्या पूर्वजांचा पत्ता नसायचा. मुलांनी मागण्या लिहून दिल्या: द्विभाषिक शिक्षण द्या, पुस्तकं बदला, मेक्सिकन-अमेरिकन शिक्षक नेमा आणि आमच्याविषयी पूर्वग्रह बाळगणाऱ्या शिक्षकांना हलवा. म्हणजे इमारत आणि पुस्तकं यांच्या पलीकडे जाऊन मुलांनी थेट शिक्षकावर बोट ठेवलं.

लिंकन शाळेतले शिक्षक साल कॅस्ट्रो मुलांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्यासह 13 जणांवर कट रचल्याचे आरोप ठेवले गेले आणि कॅस्ट्रोंना वर्गातून काढलं गेलं. मग लोकांनी शिक्षण मंडळाच्या सभागृहात ठिय्या दिला, तेव्हा कुठे ते परत आले. आरोपही पुढे न्यायालयात टिकले नाहीत.

आता कुणी म्हणेल, वाईट शिक्षक तेवढे काढले की झालं. पण 1973 साली अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाचा एक अहवाल आला. निरीक्षकांनी कॅलिफोर्निया, टेक्सास आणि न्यू मेक्सिकोतल्या वर्गांत बसून शिक्षक कुणाशी कसं बोलतात याच्या नोंदी केल्या होत्या. मेक्सिकन-अमेरिकन मुलांपेक्षा गोऱ्या मुलांना शाबासकी किंवा उत्तेजन 36 टक्के जास्त वेळा मिळत होतं. गोऱ्या मुलाने मांडलेला मुद्दा उचलून पुढे नेण्याचं प्रमाण 40 टक्के जास्त होतं. हे शिक्षक ओरडत नव्हते, मारत नव्हते. समोरच्या मुलाला काय येतं हेच त्यांना दिसत नव्हतं. आणि जे दिसत नाही ते नुसत्या सदिच्छेने दिसायला लागत नाही. ते बघायला शिकावं लागतं.

कसं शिकायचं? याचं एक उत्तर ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये मिळालं. हे शहर 1850च्या दशकापर्यंत मेक्सिकोत होतं, म्हणजे तिथल्या कित्येक घरांनी सीमा ओलांडलेलीच नाही. सीमाच त्यांना ओलांडून गेली. तिथे लुईस मोल, नॉर्मा गोन्झालेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना संशोधकाची तयारी देऊन विद्यार्थ्यांच्या घरी पाठवलं. एरवी शिक्षक घरी येतो तो तक्रार घेऊन नाहीतर उपदेश घेऊन. इथे तो प्रश्न घेऊन गेला: तुम्ही काय काम करता, कुठे शिकलात, अडचणीला कोण धावून येतं? बाहेर काय आलं? शेती, खाणकाम, सुतारकाम, गाड्यांची दुरुस्ती, औषधी वनस्पती. मोल यांनी याला ज्ञानाचा साठा म्हटलं. 1992 साली हे काम लेखरूपाने प्रसिद्ध झालं. एका शिक्षिकेला कळलं, आपला विद्यार्थी मेक्सिकोतून आणलेली मिठाई विकतो. तिने मिठाईवरच पाठ रचला आणि एका आईला वर्गात शिकवायला बोलावलं. त्या दिवशी ती आई तक्रार ऐकायला आली नव्हती.

पण गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही. याच टूसॉनच्या शाळांत मेक्सिकन-अमेरिकन इतिहास आणि साहित्य शिकवणारा एक उपक्रम चालू होता. राज्याने 2010 साली त्याच्याविरुद्ध कायदा केला आणि 2012 साली ते वर्ग बंद पडले. या बंदीमागे वांशिक आकस होता, असा निकाल संघीय न्यायालयाने दिला 2017 साली. तोवर बंदीच्या वेळी वर्गात असलेली मुलं शाळा सोडून गेलेली होती.

म्हणून मंडळी, शिक्षकाची तयारी म्हणजे नुसतं प्रशिक्षण नव्हे. घराचा उंबरठा कसा ओलांडायचा हे त्याला शिकवता येतं. पण जे शिकून आला ते वर्गात आणताना त्याच्यामागे कोण उभं राहणार, हेही ठरवावं लागतं. कॅस्ट्रोंच्या मागे लोक उभे राहिले, म्हणून ते वर्गात परतले.