सिरोंचा : प्राणहितेच्या तीरावरील जलमार्गाची कथा

ज्या अरण्यमय मुलखाला समुद्राचे दर्शन कधी घडले नाही, त्यातील सिरोंचा या गावाला एके काळी जलमार्गाने पूर्वसागराशी जोडण्याचा संकल्प झाला होता, हे गडचिरोली जिल्ह्याच्या या दक्षिण टोकास येणाऱ्या प्रवाशाने अवश्य ध्यानी घ्यावे. 1860 मध्ये गोदावरीच्या डाव्या तीरावरील तालुके निजामाकडून इंग्रजी अमलाखाली आले आणि सिरोंचा हे अपर गोदावरी जिल्ह्याचे सदर ठाणे झाले. मध्यप्रांत-वऱ्हाडचा कापूस नावांतून थेट किनाऱ्यास उतरावा, म्हणून प्राणहिता व गोदावरी यांच्या पात्रांतील खडकांचे अडसर बंधारे, कालवे व जलपाश बांधून ओलांडण्याचे काम चालले. परंतु खर्च अपार वाढला, तिकडे लोहमार्ग वऱ्हाडात पोचला, आणि 1871 मध्ये योजना सोडून देण्यात आली. 1874 मध्ये जिल्हाही मोडून सिरोंचा चांदा जिल्ह्यात सामील झाले.

आज यात्रेकरू पैलतीरीच्या कालेश्वरास जातात, जेथे एकाच शाळुंकेवर यम व शिव यांची दोन लिंगे शेजारी पुजली जातात. काही जण इंद्रावती व गोदावरी यांचा सोमनूरचा संगमही पाहतात. त्या सर्वांस विनंती एवढीच, की देवदर्शनासोबत या जलमार्गाचा इतिहासही आदराने जाणून घ्यावा.