मुलांच्या चित्रांचा थोडासा इतिहास

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी हसलेच. मी सातवी शिकलेली. माझे लिहिणे म्हणजे वाण्याची यादी आणि भिशीचा हिशेब. पण गेले वर्षभर दर रविवारी मंडळाच्या खोलीत पहिली ते चौथीच्या मुलांचा चित्रकलेचा वर्ग मी घेते, आणि त्या वर्गात माझ्या हातून एक चूक घडली. ती का घडली हे शोधता शोधता मला बराच जुना इतिहास वाचावा लागला. तो भगिनींपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी चूक सांगते. वर्गाच्या सुरुवातीच्या दिवसांत मी फळ्यावर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, कौलारू घर, नारळाचे झाड आणि नदी काढली व मुलांना म्हटले, "अगदी अस्सेच काढा." बावीस मुलांनी बावीस घरे काढली. तिसरीतल्या एका मुलीने मात्र पाण्याचा टँकर काढला. टँकर कोपऱ्यात इवलासा, रांगेतल्या बायका काडीएवढ्या, आणि हंडे मात्र बायकांच्या दुप्पट! मी म्हणाले, "अगं, घर कुठाय? आणि हंडे एवढाले असतात का कधी?" तिने मुकाट्याने सगळे खोडले आणि शेजारणीचे पाहून घर काढले. पुढच्या रविवारी ती आली नाही.

त्या रात्री मला माझी पाटी आठवली. मी चौथीत असताना भाकरी थापणारी आई काढली होती. तिचे हात मी परातीएवढे काढले होते. "माणसाचे हात असे असतात का?" म्हणून गुरुजींनी पाटीवर फुली मारली. वर्ग हसला. त्यानंतर मी चित्र म्हणून काही काढले नाही. रांगोळी काढली, ती ठिपके मोजून. जे मला बोचले होते तेच मी दुसऱ्याच्या लेकीला बोलून बसले होते. हे असे पिढ्यान् पिढ्या का चालते, हा प्रश्न तेव्हा मनात आला.

माझी थोरली मुलगी शिक्षिका होण्याचे शिक्षण घेते आहे. तिची पुस्तके आणि वाचनालयातून आणलेली दोन-चार, अशी दुपारच्या वेळी वाचून काढली. अडले तिथे मुलीला विचारले. त्यातून जे समजले ते असे.

आपल्या शाळांत ड्रॉइंग आले ते मुलांच्या हौसेसाठी आले नाही, धंद्यासाठी आले. 1851 साली लंडनला एक मोठे प्रदर्शन भरले होते. त्यात हिंदुस्थानच्या कारागिरांनी केलेल्या वस्तूंची फार वाहवा झाली. इकडे मात्र गिरण्यांच्या मालापुढे त्याच कारागिरांचे हाल चालले होते. मुंबईचे दानशूर पारशी गृहस्थ सर जमशेटजी जिजीभाई यांनी कारागिरांच्या शिक्षणासाठी एक लाख रुपये दिले आणि 1857 साली त्यांच्या नावाची कलाशाळा मुंबईत सुरू झाली. तेच आपले जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. 1865 साली तेथे लॉकवुड किपलिंग नावाचे शिक्षक विलायतेहून आले. पुढे जगप्रसिद्ध लेखक झालेला त्यांचा मुलगा रुडयार्ड त्याच वर्षी त्याच आवारात जन्मला.

त्या काळी विलायतेत चित्र शिकवण्याची एक ठरीव रीत होती. छापील नक्षी समोर ठेवायची आणि रेघ न् रेघ तशीच उतरवायची. ज्याला लाकडावर, कपड्यावर, धातूवर नक्षी काढून पोट भरायचे आहे, त्याचा हात बसावा म्हणून ती रीत होती, आणि त्या कामासाठी ती वाईट नव्हती. तीच रीत आपल्याकडे आली. ड्रॉइंगच्या परीक्षा निघाल्या. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा आजही आपली हायस्कुलातली मुले देतात. त्या परीक्षा होऊन जे ड्रॉइंग मास्तर झाले, त्यांनी शाळेत तेच शिकवले. जी रीत मोठ्या कारागिरासाठी होती, ती हळूहळू सहा वर्षांच्या पोरापर्यंत उतरली. माझे दोन डोंगर आणि कौलारू घर हे त्याच नक्षीचे शेंडेफळ, असे मला वाटते.

मग दुसरी वाट कोणी दाखवली? युरोपात व्हिएन्ना नावाचे शहर आहे. तेथे फ्रान्झ चिझेक नावाचे एक तरुण चित्रकार शिकायला आले आणि एका सुताराच्या घरी बिऱ्हाडाला राहिले. सुताराची मुले त्यांच्या खोलीत येत, रंग मागत आणि मनाला येईल ते काढीत. समोरच्या लांबच लांब लाकडी कुंपणावरही मुले चित्रे काढताना त्यांना दिसत. चिझेक यांच्या ध्यानात आले की मुलांची चित्रे म्हणजे मोठ्यांच्या चित्रांची बिघडलेली नक्कल नव्हे. ती त्यांची स्वतःची भाषा आहे. 1897 साली त्यांनी खास मुलांसाठी वर्ग काढला. तेथे रंग होते, माती होती, कापायला रंगीत कागद होते, पण नक्कल करायला नमुना नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नातली मुले उपाशी होती. तेव्हा फ्रान्सेस्का विल्सन नावाच्या एका इंग्रज बाईंनी त्या वर्गातली चित्रे 1920 साली इंग्लंडात नेऊन त्यांचे प्रदर्शन मांडले. त्यातून मुलांच्या मदतीसाठी पैसा जमला आणि मुलाचे चित्र म्हणजे काय, हे पुष्कळ शिक्षकांनी तेव्हा प्रथमच पाहिले.

आता आपल्याकडे येते. मागे आपल्या मंडळाची सहल डहाणूकडे गेली होती, आठवते ना? बोर्डीचा किनारा पाहिला, सुरूच्या सावलीत डबे सोडले, चिकू आणले. पण त्याच भागात दोन बायकांनी केवढे काम करून ठेवले आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

ताराबाई मोडक या मुंबईत जन्मलेल्या, चांगल्या शिकलेल्या. राजकोटला मोठ्या पगाराच्या हुद्द्यावर होत्या. ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. त्यांनी 1920 साली ते बालमंदिर काढले होते. 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पण हे सारे शहरातल्या, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांपुरते राहते, ही खंत ताराबाईंना होती. म्हणून 1945 साली त्यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी केंद्र काढले. त्या कामाला अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा. स्वतःच्या हिमतीने शिकून शिक्षिका झालेल्या.

गरिबांची मुले केंद्रात येईनात, तेव्हा या दोघींनी शाळाच वस्तीत नेली. कोणाच्या तरी अंगणात सतरंजी पसरायची की झाली शाळा. अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे 1975 साली सरकारी योजना निघाली आणि तो शब्द देशभर गेला. विलायती शिक्षणसाहित्य महाग, ते खेड्यात कोठून आणणार? त्यांनी शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पाने, चिकणमाती हेच साहित्य केले. 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेले. ताराबाई 1973 साली आणि अनुताई 1992 साली गेल्या. भगिनींनो, हा इतिहास वाचताना मला सारखे वाटत होते, की यात पैशाचा प्रश्न कोठेच आडवा आला नाही. आपण मात्र रंगपेट्यांना वर्गणी पुरत नाही म्हणून तीन सभा घातल्या!

त्याच डहाणू भागातल्या वारली भगिनी लग्नघरात शेणा-गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहितात. हे काम सवाशिणींचे. जिव्या सोमा म्हसे यांनी पुरुष असून ती कला हाती घेतली आणि पुढे जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. लहानपणी आई गेल्यावर ते बोलेनासे झाले होते आणि मातीत रेघा ओढून मनातले सांगत असत, असे वाचले. त्या मुलाला कोणी "असे नाही, अस्से काढ" म्हटले असते तर काय झाले असते?

आणि आज आपण काय करतो? "एक त्रिकोण सुलटा, एक उलटा, झाला वारली माणूस," असे शिकवतो. जी चित्रे बायकांनी आपल्या जगण्यातून काढली, त्यांचाही आपण छापील नमुना करून टाकला. मागच्या वर्धापनदिनी अशाच एका हुबेहूब उतरवलेल्या चित्राला पहिले बक्षीस देणाऱ्यांत मीही होते.

आपल्यापैकी एक वडीलधाऱ्या ताई मला म्हणाल्या, "अहो, गिरवल्यावाचून हात कसा वळणार?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. रांगोळी आपणही वहीत पाहूनच शिकलो. ब्रश कसा धरावा, पाणी किती घ्यावे, कात्री कशी चालवावी, माती कशी मळावी, हे दाखवलेच पाहिजे. पण काय काढायचे, ते मुलाचे मुलाला ठरवू द्यावे. शाळेवर सारे टाकूनही चालणार नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलेच्या अर्धवेळ शिक्षकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही शंभरावर मुले असतील तर. खालच्या वर्गांत सगळे विषय शिकवणाऱ्या बाईंनीच चित्रही शिकवायचे. म्हणून आपला रविवारचा वर्ग लहान असला तरी गरजेचा आहे.

त्या मुलीच्या घरी मी गेले. तिची आई हंडे घासत होती. "टँकर आला की हिला शाळेतनं बोलवावं लागतं, एकटीला मला होत नाही," ती म्हणाली. तेव्हा मला हंडे एवढाले का, ते कळले. ज्याचे ओझे मोठे, ते मुलाच्या चित्रात मोठे. माझ्या आईचे हातही असेच मोठे होते.

मुलगी पुन्हा येऊ लागली आहे. पण अजून कागद हाती दिला की आधी माझ्याकडे बघते आणि विचारते, "काकू, घरच काढू ना?" एका वाक्याने मिटलेली मूठ उघडायला किती रविवार लागतील, कोण जाणे. मी आता फळ्यावर काही काढत नाही.

तेव्हा माझी मंडळाला एक नम्र विनंती आहे. यंदाच्या वर्धापनदिनाच्या चित्रस्पर्धेत नमुन्याचे चित्र देऊ नये, आणि पहिला-दुसरा नंबरही काढू नये. बक्षिसाच्या पैशांतून कागद आणि रंग घ्यावेत. सगळ्या मुलांची चित्रे सभागृहात दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगावीत, आणि प्रत्येक आईने आपल्या मुलाला विचारावे, "यात काय आहे, मला सांग बरं." मग ते सांगेल ते ऐकावे, आणि मध्ये बोलू नये.

लिहिण्यात चुका झाल्या असतील. मोठ्या मनाने सांभाळून घ्याव्यात.