लोणारचे विवर : एका तपासाची तर्ककथा

गुप्तहेरकथा म्हटली की मराठी वाचकाला बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड आठवतात, तर इंग्रजी वाचणाऱ्याला शेरलॉक होम्स. या कथांकडे केवळ करमणूक म्हणून पाहण्याची प्रथा असली, तरी पुराव्यावरून निष्कर्षाकडे कसे जावे आणि कोठे थांबावे याचे उत्तम धडे त्यांत असतात. या धड्यांचा कस पाहणारे एक खरेखुरे प्रकरण महाराष्ट्रातच घडले आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर कोणी निर्माण केले, या प्रश्नाचा तपास दीडशे वर्षे चालला.

अनुमानाचे प्रकार

तर्कशास्त्रात निगमन आणि विगमन असे अनुमानाचे दोन प्रमुख प्रकार मानले जातात. सर्वसाधारण नियमावरून विशिष्ट निष्कर्ष काढणे हे निगमन. अनेक उदाहरणांवरून नियम बांधणे हे विगमन. निगमनात आधारविधाने सत्य असतील आणि रचना निर्दोष असेल, तर निष्कर्ष सत्य असतोच. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स याने यात तिसऱ्या प्रकाराची भर घातली : दिसणाऱ्या खुणांचे सर्वांत समर्पक स्पष्टीकरण देणारे कारण गृहीत धरणे.

होम्स आपल्या पद्धतीला निगमन म्हणत असला, तरी त्याची बहुतेक अनुमाने या तिसऱ्या प्रकारात मोडतात. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच कथेत तो डॉ. वॉटसनचा रापलेला चेहरा, लष्करी ढब आणि दुखावलेला हात पाहून हा गृहस्थ अफगाणिस्तानातून आल्याचे सांगतो. अनुमान अचूक ठरते. परंतु तसाच माणूस दुसऱ्या एखाद्या उष्ण मुलखातूनही येऊ शकला असता. असा अंदाज तपासाची दिशा दाखवतो, तो स्वतः पुरावा नसतो.

आपल्याकडील न्यायदर्शनाने हाच विषय फार पूर्वी हाताळला. पर्वतावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. या अनुमानाचा कणा म्हणजे व्याप्ती : जेथे धूर तेथे अग्नी, हा अपवादरहित संबंध. तो उलट दिशेने लागू पडत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. लोणारच्या तपासात सर्व भिस्त अखेर अशाच एका व्याप्तीवर राहिली.

पहिला संशयित : ज्वालामुखी

लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि काठापासून सुमारे दीडशे मीटर खोल आहे. तळाशी खारट आणि अल्कधर्मी पाण्याचे सरोवर आहे. विष्णूने लवणासुराचा वध केल्याची कथा या स्थळाशी जोडलेली असून गावातील दैत्यसूदन मंदिर तिची आठवण देते. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. त्यानंतर आलेल्या भूशास्त्रज्ञांचा संशय साहजिकच ज्वालामुखीवर गेला. दख्खनचे सारे पठारच लाव्हाच्या थरांनी बनलेले. त्यात वाटोळा खड्डा दिसला, तर दुसरे कोण असणार? लाव्हा न ओकता झालेला वायूंचा स्फोट, नंतर जमीन खचणे, अशी स्पष्टीकरणे पुढे आली.

या तर्कात दोन छिद्रे होती. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. विवराचा काठ मात्र इतका सुस्थितीत आहे, की ते भूशास्त्रीय मापाने अगदी अलीकडचे असले पाहिजे. म्हणजे गुन्हा घडला तेव्हा संशयिताला मरून कोट्यवधी वर्षे उलटली होती. दुसरे असे, की अशक्य पर्याय वगळून उरेल ते सत्य, ही होम्सची पद्धत संशयितांची यादी पूर्ण असेल तरच चालते. एकोणिसाव्या शतकातील यादीत आकाशातून येणाऱ्या पाषाणाचे नावच नव्हते.

निर्दोष तर्क, सदोष आधार

अमेरिकेतील अॅरिझोना येथील विवराबाबत ते नाव यादीत होते. भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट याने १८९६ साली गृहीतके कशी जन्मतात या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. त्यात अॅरिझोनाचे विवर हे मुख्य उदाहरण होते आणि लोणारचाही उल्लेख होता. गिल्बर्टने उल्केची कल्पना कसोटीला लावली. उल्का जमिनीत गाडली गेली असेल, तर चुंबकसूची विचलित व्हावी. शिवाय काठावर फेकलेला मलबा खड्ड्यात मावेल त्यापेक्षा अधिक भरावा, कारण खड्ड्याची काही जागा उल्केने व्यापलेली असणार. दोन्ही कसोट्यांचे उत्तर नकारार्थी आले आणि त्याने वाफेच्या स्फोटाच्या बाजूने कौल दिला.

गिल्बर्टच्या निगमनात दोष नव्हता. दोष आधारविधानात होता. प्रचंड वेगाने येणारी उल्का आघाताच्या ऊर्जेने बहुतांशी वितळून आणि वाफ होऊन जाते, हे तेव्हा ज्ञात नव्हते. शाबूत गाडलेली उल्का सापडणारच नव्हती.

होम्सच्या १८९२ मधील एका प्रसिद्ध कथेशी याची तुलना उद्बोधक आहे. तबेल्यातून रात्री घोडा नेला जातो, पण कुत्रा भुंकत नाही. यावरून नेणारा ओळखीचा होता, हे होम्स ताडतो. तेथे अभाव हाच पुरावा ठरतो, कारण अनोळखी माणसावर कुत्रा भुंकलाच असता. एखादी गोष्ट आढळायलाच हवी होती हे निश्चित असेल, तरच तिच्या अभावाला अर्थ असतो. अॅरिझोनात लोखंडाचा मोठा साठा मिळाला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नव्हते.

निर्णायक साक्षीदार

१९६० साली अॅरिझोनाच्या वालुकाश्मात कोएसाइट हे अतिउच्च दाबाखाली क्वार्ट्झपासून बनणारे खनिज सापडले आणि तेथील निकाल लागला. लोणारच्या बेसाल्टमध्ये मात्र क्वार्ट्झ जवळजवळ नसते. तेथे दुसरा साक्षीदार शोधणे भाग होते.

तो मॅस्केलिनाइटच्या रूपाने मिळाला. प्लॅजिओक्लेज हे बेसाल्टमधील नेहमीचे खनिज. वातावरणाच्या दाबाच्या काही लाख पट दाबाची आघातलहर त्यातून गेली, की त्याचे काचेसारखे रूप बनते. १८६५ साली बिहारमधील शेरघाटी येथे पडलेल्या उल्केत हा पदार्थ प्रथम ओळखला गेला होता. सरोवराच्या तळातून घेतलेल्या छिद्रांतील खडकांत मॅस्केलिनाइट, तर काठावरील चरांत वितळलेल्या खडकाचे गोलक आढळले. स्मिथसोनियन संस्थेचे कर्ट फ्रेड्रिक्सन, अमेरिकन भूसर्वेक्षणाचे डॅनियल मिल्टन आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ए. दुबे व एम. एस. बालसुंदरम यांनी हे निष्कर्ष १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. अपोलो यानांनी आणलेल्या चांद्रनमुन्यांशी असलेले साम्यही त्यांनी दाखवले.

येथे अनुमान खऱ्या अर्थाने निगमनाच्या पातळीवर गेले. ज्या खडकात असे मॅस्केलिनाइट, त्या खडकावर महाआघात. लोणारच्या खडकात ते आहे. म्हणून लोणारवर महाआघात झाला. ज्वालामुखी असा दाब निर्माण करू शकत नाही, त्यामुळे व्याप्तीला अपवाद उरत नाही. ‘जेथे लाव्हाप्रदेशात वाटोळा खड्डा, तेथे ज्वालामुखी’ ही जुनी व्याप्ती मात्र अशी अभेद्य नव्हती.

जे अजून ठरायचे आहे

कर्ता ठरला, तरी घटनेची वेळ वादातीत नाही. तप्तदीप्ती पद्धतीने १९९७ साली विवराचे वय सुमारे ५२ हजार वर्षे काढण्यात आले; २०११ साली आरगॉन पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. दोन प्रामाणिक साक्षीदारांच्या जबाबांत दहापटींहून अधिक अंतर असेल, तर प्रत्येकाने नेमके काय मोजले हे आधी पाहावे लागते.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा तर्कवितर्कांना ऊत आला. शैवाल की क्षारप्रिय सूक्ष्मजीव, असा प्रश्न होता. नमुने तपासल्यावर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने हा रंग हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे सांगितले. नमुना स्थिर ठेवला असता जीवभार तळाशी बसून पाणी स्वच्छ होत होते. म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाल्याचे जाहीर झाले.

गुप्तहेरकथेत शेवटच्या प्रकरणात सारे धागे जुळतात, कारण ते लेखकाने आधीच जुळवून ठेवलेले असतात. वास्तवात तशी हमी नसते. म्हणूनच संशयितांची यादी पूर्ण आहे का, आधारविधान तपासलेले आहे का आणि नियमाला अपवाद आहे का, हे तीन प्रश्न कोणत्याही आरोपापूर्वी, अफवेपूर्वी आणि निदानापूर्वी विचारणे आवश्यक ठरते. लोणारच्या बाबतीत ते पुरेसे विचारले गेले नाहीत, तोवर दीड शतक एका निरपराध ज्वालामुखीवर ठपका राहिला. पुराव्याअभावी ठपका माणसावर येतो, तेव्हा त्याच्या हाती इतका काळ नसतो.