तळटीप २३ : ‘उपरे’
२३. उपरे : बाहेरून येऊन राहिलेले. न्हावा शेवा बंदराच्या नाक्यावरचे बोलणे लेखकाने जसेच्या तसे ठेवले आहे. ‘तो ट्रेलरवाला’ म्हटले की एक माणूस दिसतो. ‘हे उपरे’ म्हटले की चेहरे पुसले जातात. १९६०च्या दशकात मुंबईत ‘मार्मिक’ साप्ताहिकाने ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली दाक्षिणात्य नावांच्या याद्या छापल्या. त्याच वातावरणात ‘बजाव पुंगी, हटाव लुंगी’ ही घोषणा गाजली. तीत माणसाच्या जागी त्याचे वस्त्र आले आणि पुराव्याच्या जागी यमक. जिभेवर बसलेले यमक मनालाही पटल्यासारखे वाटते. जानेवारी १९८४मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली याच बंदराजवळच्या जासई-दास्तान फाटा परिसरात उतरलेले शेतकरीही संतापलेलेच होते. पण त्यांचा रोख सरकारवर होता आणि मागणी संपादित जमिनीच्या योग्य मोबदल्याची. पोलिसांच्या गोळीबारात ५ जण गेले. पुढे संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. गाऱ्हाण्याला असे उत्तर देता येते. प्रस्तुत वाक्यात मागणी कोणती आणि कोणाकडे, हे वाचकाने शोधून पाहावे. — संपा.