निघणाऱ्या रंगाचा पुरावा

नवी मोटार घेतली की नोंदणीसाठी नमुना २० भरावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांना जोडलेला हा अर्ज आहे. इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, आसनसंख्या अशा रुक्ष रकान्यांमध्ये एक रकाना रंगाचा आहे आणि त्याची भाषा मोठी गमतीची आहे. बॉडी, ‘विंग्ज’ आणि पुढचा भाग यांचा रंग किंवा रंग कोणते, ते त्यात लिहायचे असते. विंग म्हणजे मडगार्ड. इंग्लंडातल्या मोटारवाल्यांची ही जुनी बोली. मडगार्ड एका रंगाचे आणि बॉडी दुसऱ्या रंगाची असण्याचे दिवस कधीच गेले, पण अर्जातला शब्द राहिला. सरकारी कागदावर एकदा चढलेला शब्द सहसा उतरत नाही.

गाडीवर चढवलेला रंग मात्र उतरवता येतो, आणि माझा विषय तोच आहे. गेली काही वर्षे मी पुणतांब्यात बसून या निघणाऱ्या रंगाची माहिती जमवतो आहे. मी रंगाऱ्याच्या धंद्यातला नाही की रसायनशास्त्राचा पदवीधर नाही. पण शिर्डी जवळ असल्याने आमच्या रस्त्यांवर देशभरच्या गाड्या दिसतात, आणि त्या पाहून गावातल्या पोरांनाही आपल्या गाडीचा रंग बदलावासा वाटतो. गॅरेजला न जाता, घरच्या अंगणात, आणि पुढे नको झाला तर काढून टाकता येईल असा.

इतिहास लिहिणाऱ्याची इथे पंचाईत होते. शिलालेख राहतो, ताम्रपट राहतो, घराच्या भिंतीवरचे चुन्याचे थरही खरवडून मोजता येतात. पण जो रंग काढण्यासाठीच लावला, तो निघाला की उकिरड्यावर जातो. त्याचा पुरावा कुठे शोधायचा? माझ्यापुरते उत्तर असे की तो हुकमांत, नियमांत आणि बंद्यांत सापडतो. लोक काय करत होते हे लोकांनी लिहून ठेवले नाही. ते करू नका असे सांगणाऱ्यांनी लिहून ठेवले.

सुरुवात मोटारीच्या आधीपासून करावी लागते. वाहनाचे वर्णन कागदावर उतरवण्याची पद्धत घोड्यापासूनची आहे. अलाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांचा हुलिया लिहून ठेवण्याची व्यवस्था लावली. अकबराने १५७०च्या दशकात ती पुन्हा कडक केली. कारण सरळ होते. सरदार पगार घेत चांगल्या घोड्यांचा आणि पाहणीला उभी करत तट्टे, किंवा एकच घोडा दोन ठिकाणी दाखवत. म्हणून घोड्याचा रंग, खुणा आणि डाग यांची नोंद. आपल्याकडेही शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई, त्यामुळे घोडा कोणता हा पैशाचा प्रश्न होता. कुमाईत, अबलख, सब्जा, सुरंग, पंचकल्याणी असे घोड्याच्या रंगांचे नेमके शब्द मराठीत आहेत. ते कवींच्या कौतुकापेक्षा पारख, सौदा आणि ओळख यांच्या गरजेतून टिकले असावेत, असे माझे मत आहे. आजच्या आरसी बुकातला ‘पर्ल व्हाइट’ किंवा ‘सिल्की सिल्व्हर’ त्याच जातीचा शब्द आहे.

ओळखीच्या पक्क्या रंगाशेजारी हौसेचा कच्चा रंगही तेव्हापासून आहे. लग्नाच्या वरातीतल्या घोड्याच्या शेपटीला मेंदी, मिरवणुकीतल्या हत्तीच्या गंडस्थळावर चित्रे. आणि आमच्या गोदाकाठी श्रावण अमावास्येचा पोळा. आदल्या दिवशी खांदेमळणी, पोळ्याच्या सकाळी बैलाला नदीवर धुणे, शिंगे रंगवणे आणि अंगावर गेरूचे ठसे. शिंगांना ऑइलपेंट आला तो अलीकडे. अंगावरचा गेरू मात्र पहिल्या दोन-चार पावसांत धुऊन जातो आणि बैल पुन्हा आपल्या रंगावर येतो. घरच्या वाहनाला घरच्या अंगणात, घरच्या हातांनी, उतरेल असा रंग देण्याची ही रीत आमच्याकडे कोणाला शिकवावी लागली नाही. (पुणतांब्यात चांगदेवांची समाधी आहे. ते वाघावर बसून निघाले आणि ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली, ही कथा प्रत्येकाला ठाऊक आहे. दोन्ही वाहनांना नोंदणी लागली नाही, हे त्यांचे भाग्य.)

मोटारीचा रंग सुरुवातीला काढण्याजोगा नव्हताच, कारण तो चढवतानाच जीव जाई. ब्रशने वॉर्निशचे हात, प्रत्येक हात वाळण्याची वाट, मग घासणे. एका गाडीला कित्येक आठवडे लागत. १९२०च्या दशकात अमेरिकेच्या ड्युपाँ कंपनीने ‘ड्युको’ नावाचा नायट्रोसेल्युलोजचा जलद वाळणारा रंग आणला आणि गाड्या रंगीत झाल्या. ते नाव आमच्याकडे इतके मुरले की आजही सुतार कपाटाला ‘ड्युको मारू का’ म्हणून विचारतो. त्याला कंपनीशी काही देणेघेणे नसते.

पुढची मोठी नोंद युद्धाची आहे. १९४१च्या हिवाळ्यात रशियाच्या बर्फात जर्मन रणगाडे काळपट राखाडी रंगाने उठून दिसू लागले, तेव्हा सैनिकांनी मिळेल तो चुना कालवून त्यांना फासला. वसंतात बर्फ वितळले की चुना धुऊन टाकायचा. रशियनही तेच करत होते. वाहनाचा रंग तात्पुरता आणि हाताने बदलण्याचा इतका मोठा प्रयोग त्याआधी झाला असेल असे मला वाटत नाही, आणि साहित्य काय, तर आपण दिवाळीआधी भिंतीला लावतो तो चुना. १९७१च्या युद्धात आपल्याकडे मुंबई-पुण्यात खिडक्यांना काळा कागद आणि मोटारीच्या दिव्यांना काळा रंग लागला. युद्ध संपल्यावर कागद निघाले. दिव्याचा वरचा अर्धा भाग काळा असलेले ट्रक मात्र मी लहानपणी पुष्कळ पाहिले आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन नौदलाला एक वेगळीच अडचण आली. शेकडो जहाजे राखीव ठेवायची होती, पण तोफा आणि डेकवरची यंत्रे गंजू द्यायची नव्हती. त्यांच्यावर व्हिनाइलचा थर फवारला गेला. त्याचे नाव ‘ककून’, म्हणजे रेशीमकोश. १९५०मध्ये कोरियाचे युद्ध सुरू झाले तेव्हा हे कोश कापून, सोलून जहाजे पुन्हा कामाला लावली. फवारायचे, वाळू द्यायचे आणि नंतर सालीसारखे सोलायचे ही कल्पना इथे पूर्ण झालेली दिसते. त्यामागचे रसायन आणखी जुने आहे. गुडरिच या टायर कंपनीतला वाल्डो सेमन १९२६मध्ये रबर धातूला चिकटवण्यासाठी काहीतरी शोधत होता. चिकटणारे काही सापडले नाही, पण पीव्हीसी मऊ कसे करायचे ते सापडले. आज गाडीवर चढणारी व्हिनाइल फिल्म त्याच शोधाची नात आहे.

आता अंगणातल्या कामाकडे वळतो. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला फवाऱ्याचा. कृत्रिम रबर द्रावकात विरघळवलेले असते. अमेरिकेत ते आधी पान्हे-पकडींच्या मुठी बुडवून काढण्यासाठी विकले जाई. गाड्यांवर ते नंतर आले. आमच्या आळीतल्या एका तरुणाने जुनी हॅचबॅक अशीच काळी केली, तेव्हा मी दोन दिवस खुर्ची टाकून बसलो होतो. गाडी आधी साबणाने, मग तेलकटपणा जाईल अशा द्रावणाने पुसली. काचा, टायर, दिवे वर्तमानपत्र आणि चिकटपट्टीने झाकले. मग कंप्रेसर आणि गन लावून पातळ पातळ सहा हात मारले. मी त्याला विचारले, दोन हातांत गाडी काळी दिसायला लागली, मग आणखी चार कशाला? तो म्हणाला, “काका, दोन हात चढवायला पुरतात, उतरवायला नाही पुरत.” हे या साऱ्या प्रकाराचे मर्म आहे. द्रावक उडून गेले की मागे रबराचा पापुद्रा उरतो. तो खालच्या रंगाशी रासायनिक रीतीने जोडला जात नाही, नुसता धरून बसतो. जाड असेल तर एका ओढीत निघतो. पातळ असेल तर तुकड्या-तुकड्याने फाटतो आणि नखे झिजतात. पेट्रोल सांडले की तो मऊ पडतो, म्हणून टाकीच्या झाकणाजवळ तो सगळ्यात आधी दगा देतो. फवारताना द्रावकाची वाफ नाकात जाते. त्या पोराने साधा रुमाल बांधला होता, योग्य गाळणीचा मास्क नव्हता, हे मला पटले नाही आणि मी तसे बोललोही.

दुसरा प्रकार फिल्मचा, ज्याला गॅरेजवाले ‘रॅप’ म्हणतात. साधारण दीड मीटर पन्ह्याचा रोल येतो. चांगली फिल्म ओतून बनवलेली, जेमतेम ५० मायक्रॉनच्या आसपास जाडीची असते. ती वळणावर बसते आणि बसलेली राहते. स्वस्त फिल्म लाटून काढलेली असते. लाटताना पडलेला ताण तिच्यात राहतो, म्हणून उन्हात ती आकसते आणि कडा सोडते. आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हा फरक लगेच कळतो. वर्षानुवर्षे ठेवलेली फिल्म कडक होते, सोलताना तिचे कपचे उडतात आणि गोंद गाडीवर राहतो. हीट गन धरून मऊ करत, कमी कोनात सावकाश ओढावी लागते.

ही फिल्म गाड्यांवर इतकी का पसरली, याचे एक उत्तर जर्मनीतल्या टॅक्स्यांमध्ये आहे आणि ते पुन्हा नियमातच सापडते. तिथे १९७१पासून टॅक्सीला फिकट हस्तिदंती रंग सक्तीचा झाला. टॅक्सी विकायला काढली की त्या रंगाला खासगी गिऱ्हाईक मिळेना. म्हणून मालकांनी काळी किंवा निळी गाडी घेऊन तिच्यावर हस्तिदंती फिल्म चढवायला सुरुवात केली. धंदा संपला की सोलायची आणि नव्यासारखी गाडी विकायची. पुढे काही राज्यांनी सक्ती सैल केली, पण तोवर फिल्म लावणाऱ्यांचा हात बसला होता. आपल्या मुंबईची काळी-पिवळी याच्या उलट वागली. तिचा रंग पक्का होता आणि प्रीमियर पद्मिनी त्याच रंगात म्हातारी झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३मध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर ऑक्टोबर २०२३मध्ये ती रस्त्यावरून गेली.

भारतात निघणाऱ्या थराविषयी सर्वांत ठळक कागद काचेबद्दलचा आहे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर निकाल दिला आणि ४ मेपासून गाड्यांच्या काचांवरील काळ्या फिल्मवर देशभर बंदी आली. नियम १०० असे म्हणत होता की पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. न्यायालयाने फिल्म किती गडद हा वादच ठेवला नाही. त्या मे महिन्यात चौकाचौकांत पोलीस फिल्म ओढताना दिसले आणि घरोघर लोक ब्लेड, साबणाचे पाणी आणि रॉकेल घेऊन बसले. काळ्या फिल्मची चाल किती पसरली होती हे जर कोणाला पन्नास वर्षांनी पाहायचे असेल, तर त्याला दुकानदारांच्या वह्या मिळणार नाहीत, हा निकाल मिळेल.

रंगाचेही तसेच आहे. १९८९च्या नियमांतला नियम १२१ सांगतो की संरक्षण खात्याशिवाय कोणाचीही गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगाची असू नये. हौशी लोक जीपला तो रंग देत नसते, तर हे वाक्य लिहायची गरज पडली नसती. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२प्रमाणे आरसीतला तपशील खोटा ठरेल असा बदल परस्पर करता येत नाही आणि केलेला बदल १४ दिवसांत कळवावा लागतो. २०१९च्या दुरुस्तीने परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा कैदही आली. रंग बदलला तर आरटीओत जाऊन आरसीवर नवा रंग चढवून घ्यावा, हे उत्तम. पण कायद्याला रंग एकदाच बदलतो असे वाटते. पोळ्याच्या बैलासारखा चार महिने काळा आणि मग पुन्हा पांढरा, असा रंग त्याच्या हिशेबात नाही. नाकाबंदीत पोलीस आरसी आणि गाडी ताडून पाहतो, तेव्हा त्याला ‘हा निघतो’ हे उत्तर चालत नाही, आणि चोरीच्या गाड्यांचा विचार केला तर त्याचे चुकते असेही म्हणता येत नाही. आळीतल्या त्या तरुणाला मी हेच सांगितले. आधी आरटीओत चौकशी करायला हवी होती.

कागदाव्यतिरिक्त एक पुरावा मला अलीकडे सापडला, तो गाडीच्याच अंगावर. ऊन मूळ रंग हळूहळू फिका करते. पण ज्या जागी फिल्म किंवा स्टिकर असतो तिथे ऊन पोहोचत नाही. वर्षांनी फिल्म काढली की तेवढी जागा ताजी, गडद दिसते आणि शेजारची विटलेली. मग सोललेल्या अक्षरांचीही अक्षरे राहतात. भंगाराच्या दुकानात उभ्या असलेल्या एका लाल जीपवर मी हे वाचत बसलो होतो. दारावर एका निवडणूक चिन्हाचा घेर होता, त्याखाली कुठल्यातरी क्लासेसच्या नावातली चार अक्षरे, आणि बॉनेटच्या मधोमध एक रुंद पट्टा, बहुधा प्रवासी वाहतुकीच्या दिवसांतला. दुकानदाराने विचारले, काय बघताय? मी म्हटले, गाडी आधी काय काय होती ते बघतोय. त्याने आतून आरसीची मळकी प्रत आणून दिली. रंगाच्या रकान्यात एकच शब्द होता, लाल. मी वहीत जीपची चित्राकृती काढून घेतली, प्रत्येक सावलीची लांबी-रुंदी लिहिली आणि तारीख टाकली. पुढच्या आठवड्यात जीप कापायला जाणार होती.