वर्षभराचे सभासद

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत शाळा सुरू झाल्या की महिन्याभरात खासगी शाळांच्या हॉलमध्ये एक बरणी टेबलावर येते. तीत इच्छुक पालकांच्या नावांच्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. इयत्तावार एकेक चिठ्ठी निघते, टाळ्या पडतात. ज्याचं नाव निघतं तो मनात हिशेब करत असतो की चर्चगेटच्या ऑफिसातून बैठकीसाठी अर्धी रजा कशी मिळवायची. अशी बनते पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती.

ही सोडत महाराष्ट्राच्या शुल्क विनियमन कायद्यातून आली. कायदा २०११ चा, प्रत्यक्षात आला २०१४ मध्ये. मूळ कलमात समितीची मुदत एका शैक्षणिक वर्षाची होती, आणि एकदा काम केलेल्या पालकाचं नाव पुढची तीन वर्षं सोडतीत घ्यायचं नाही. तेच ते चेहरे नकोत आणि व्यवस्थापनाशी कुणाची फार गट्टी जमू नये, हा त्यामागचा सरळ हिशेब. पण याच समितीने मान्य केलेली फी दोन वर्षं लागू राहते. म्हणजे आकड्यावर सही करणारे पालक घरी बसले तरी त्यांच्या सहीची फी पुढचे पालक भरत राहतात. व्यवस्थापनाला मात्र मुदतच नाही. फीचा प्रस्ताव सहा महिने आधी तेच आणतं आणि मागच्या पाच समित्यांत काय बोलणं झालं, तेही त्यालाच पाठ असतं.

शाळेच्या कारभारात बाहेरच्या माणसाला बसवायचं ही कल्पना मुंबई इलाख्यात १८४० पासूनची. त्या वर्षी सरकारने बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमलं. काही सभासद सरकारचे आणि तीन नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने दिलेले. त्यांत जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट होते. नाना काही एका वर्षाचे पाहुणे नव्हते. वर्षानुवर्षं त्या टेबलापाशी बसून, अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरत असताना, त्यांनी मराठीतून शिकवण्याची बाजू लावून धरली. इतका चिवटपणा चिठ्ठीतून निघालेल्या पालकाकडून कसा अपेक्षावा? १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर बोर्ड मोडलं, त्या जागी शिक्षण खातं आणि त्याचा डायरेक्टर आला. समिती गेली, साहेब आला. आपल्याकडे हे पुढेही होत राहिलं.

१९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा पुन्हा लोकांच्या, म्हणजे नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या शाळा मंडळांच्या हाती दिल्या. १९४७ च्या कायद्याने मंडळं ठेवली, पण कारभाराची दोरी सरकारी प्रशासन अधिकाऱ्याकडे वळवली. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, तेव्हा ग्रामीण भागात हे काम त्यांच्या शिक्षण समितीकडे गेलं. शहरांतली शिक्षण मंडळं राहिली आणि पक्षांच्या कार्यकर्त्यांना बसवण्याची जागा झाली. गणवेश, दप्तरं, रेनकोट यांच्या खरेदीवरून इतकं गाजलं, की २०१३ मध्ये सरकारने ती रद्दच केली. तरीही पुण्यात आधीच बसलेल्या सदस्यांनी मुदत पुरी होईपर्यंत खुर्ची सोडली नाही. मुलांच्या शाळेपेक्षा सदस्याची मुदत कायद्याने जास्त जपली जाते, असं मला तेव्हा वाटलं होतं.

दहावी-बारावीच्या राज्य मंडळाचं वळण निराळं. १९६५ च्या कायद्याने, १ जानेवारी १९६६ पासून ते पुण्यात उभं राहिलं. त्याच्या सभासदांत दोन जाती: निवडून किंवा नेमून आलेले, ज्यांची मुदत मोजली जाते, आणि पदसिद्ध, म्हणजे जे खुर्चीबरोबर येतात आणि खुर्चीबरोबर जातात. पदसिद्धांचं कॅलेंडर कुणी बघत नाही. मंडळाचा खरा इतिहास लिहायचा तर तो या दुसऱ्या जातीचाच लिहावा लागेल.

सरकारी शाळांसाठी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव, आणि दर दोन वर्षांनी नवी समिती. वसई-विरार महापालिकाही २००९ चीच. चार नगरपरिषदा आणि त्रेपन्न ग्रामपंचायती एकत्र करून झालेली. पण प्राथमिक शाळा तिच्याकडे आल्या नाहीत, जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. आधी ठाण्याच्या, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाल्यावर पालघरच्या. त्यामुळे एव्हरशाईनमधल्या रहिवाशाने नगरसेवकाला शाळेचं गळकं छप्पर दाखवलं, तर तो पालघरकडे बोट दाखवू शकायचा, आणि त्याचं म्हणणं खोटंही नसायचं.

२०२० च्या जूनमध्ये त्या नगरसेवकाचीही मुदत संपली आणि महापालिकेवर प्रशासक बसला. निवडणूक वर्षानुवर्षं लांबली. त्याच काळात जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या पालकांना मात्र नियमाप्रमाणे दर दोन वर्षांनी समितीवर नवी माणसं बसवायचीच होती.